फाल्यां

सायकल रात्रीच पडवीत आणून ठेवलेली,
चाकांत हवा बेताची, साखळीला तेल,
आणि पहाटे साडेपाचला मी अंगणात अनवाणी,
मातीत करंगळी खुपसून.

पहिल्या पेरापर्यंत बोट बिनबोभाट गेलं
तर वाट ओली.
नखापाशीच अडलं, तर निघ.
पण चरावण्याची माती एका अंगणावरून कळत नाही:
वर सडा दोन उन्हांत खडखडीत होतो,
काजूंखालची उतरण मात्र
चार चार दिवस घाम पुसत बसते,
आणि व्हाळाजवळचा तो काळा चिरा
शेवाळ अंगावर ओढून कुणाची तरी वाट बघतो.

म्हणून मी पदेराला थांबतो.
इनासियो तीन वाडे करून येतो,
टोपलीवर निळं प्लास्टिक, भोंपू पोंय पोंय.
मी वाकून त्याच्या चाकावरची लाली बघतो,
ताजी? की कालची, खपली धरलेली?
"उंडे जाय, काय मडगार्ड?" तो विचारतो.
दोन्ही, मी म्हणतो.
मडगार्डाखालून थेंब पडतो. चार उंडे घेतो.

फोनवर चोर्ल्याच्या घाटात एक हिरवा डाग
सरकतो, थांबतो, परत मागे जातो,
विसरलेली छत्री आणायला गेल्यासारखा.
त्याच्याच खाली डेल्टनचा निरोप:
गाडीच्या पाठीवर सायकल बांधून झाली,
मडगावहून निघू का?
कसा आहे रस्ता?

त्याला आठवड्याला एकच रविवार,
हे मला ठाऊक आहे.
दिवाळी चार दिवसांवर. नाक्यावर पोरं
नरकासुराच्या पोटात गवत कोंबतायत,
काल विचारत होती, जुना टायर आहे का रे दादा?
आहे, म्हटलं. दिला नाही.

तो टायर गेल्या वर्षीचा.
दसऱ्याचा दुसरा दिवस, करंगळी दोन पेरं आत गेलेली,
आणि तरीही मी गेलो होतो.
चिखलाने चाकं लाडवासारखी जाड झाली,
मी काटकीने खरवडत, हसत, शिव्या देत खाली उतरलो.
मागे राहिली चार बोटं खोल एक रेघ.
मग ऊन पडलं. रेघ भाजून निघाली,
चिऱ्यासारखी पक्की.
जानेवारीत रखमी झोरे दुधाची बरणी घेऊन उतरत होती,
तिचा पाय त्याच रेघेत अडकला.

पाच लिटर.
मी तिथेच होतो, सायकल हातात.
दूध माझ्या चाकाच्या वाटेनेच गेलं,
माझी तिन्ही वळणं त्याने अचूक घेतली,
जिथे मी घसरलो होतो तिथे तेही फाकलं.
रखमी घोटा चोळत बघत राहिली, म्हणाली,
"कसली गाडी म्हणायची ही, एकाच चाकाची?"
मी बरणी उचलून दिली.
काही बोललो नाही.
अजून नाही बोललो.

साडेसहाला ती येते.
मी भांडं पुढे करतो आणि तिच्या पावलांकडे बघतो.
टाचा लाल, बोटं लाल,
घोट्यापर्यंत ओलं, पैंजणाच्या वर कोरडं.
"काय हरवलंय?" ती विचारते.
"नाही. वर पाऊस झाला रात्री?"
"झाला म्हणजे? कोंबड्या चुलीजवळ घेतल्या."
अर्धा लिटर मोजते, वर थोडं जास्तीचं ओतते.

डेल्टनला एकच शब्द पाठवतो: फाल्यां.
लगेच उत्तर: फाल्यां सोमार रे!
खरंच की.

दूध गॅसवर ठेवून पडवीत येतो.
मागचं चाक उचलून नुसतंच फिरवतो,
टिकटिक टिकटिक,
ते जागच्या जागी बरंच लांब जातं.
नखातली लाली
साबणाने निघालेली नाही.
आत दूध उतू गेल्याचा वास येतो.